फायलींच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे? मराठी दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या संपादक-मालकांस खुले पत्र

स. न. वि. वि.

तुमच्या कार्यालयात जुन्या अंकांच्या फायली ज्या खोलीत आहेत, तिची किल्ली सध्या कुणाकडे असते? प्रश्न खोचक वाटेल, पण मी सरळ मनानं विचारतो आहे. संपादकांना बहुधा ठाऊक नसतं, मालकांना विचारायचं सुचत नाही, आणि ज्या शिपायाला ठाऊक होतं तो निवृत्त होऊन गावी गेलेला असतो.

मी व्यंगचित्रकार. राजकीय नाही, घरगुती. एका जिल्हा दैनिकात रोज तीन चौकटींची पट्टी काढायचो. नाना, नानी आणि वरच्या मजल्यावरचा बाळ्या, एवढीच माणसं. नाना पोस्टातून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीवर अर्ज करायची खोड. नळाला पाणी नाही, अर्ज. बाळ्या जिन्यात दाणदाण पाय आपटतो, अर्ज. एकदा तर नानींनी भाजीत मीठ जास्त घातलं म्हणून रीतसर अर्ज, 'विषय' आणि 'संदर्भ' टाकून. पुढे पट्टी बंद झाली. त्याबद्दल तक्रार नाही, पट्ट्या बंद व्हायच्याच. तक्रार आहे ती नंतरची. दैनिकानं जागा बदलली तेव्हा नव्या जागेत फायलींना कपाट नव्हतं. गेल्या त्या वजनावर. मूळ चित्रं परत द्यायची पद्धत तिथं कधी नव्हतीच. आज नाना माझ्याकडे आहेत ते थोडे आयव्हरी कार्डांवर आणि बाकीचे पिवळ्या पडलेल्या कात्रणांवर. ती कात्रणंही मी ठेवलेली नव्हेत, बायकोनं ठेवली. मला चित्र छापून आलं की त्यात चुकाच दिसायच्या. तिला कात्री दिसायची.

हे पत्र त्या दैनिकाला लिहिलेलं नाही. तिथं आता उघडायला काही उरलेलं नाही. तुमच्याकडे अजून आहे, म्हणून तुम्हाला.

अलीकडे जुन्या पट्ट्यांना भलतेच बरे दिवस आले आहेत. सकाळच्या गुलाबांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत एखादं जुनं व्यंगचित्र मोबाइलवर येतं. खालची सही कापलेली, तारीख नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही, वर कुणीतरी आपल्याच ग्रुपचं नाव डकवलेलं. लोक हसतात, पुढे पाठवतात. एखादा विचारतो, 'कोणाचं आहे हो हे?' लगेच उत्तर येतं, 'आर. के. लक्ष्मण.' मराठीत ज्या चित्राचा बाप सापडत नाही ते लक्ष्मण यांच्या नावावर जमा होतं, आणि ज्या विनोदाचा बाप सापडत नाही तो पु. लं.च्या. दोघंही मोठी माणसं, त्यांना काही कमी-जास्त होत नाही. ज्याचं चित्र होतं तो मात्र दुसऱ्यांदा जातो.

लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनची मला काळजी नाही. १९५१पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त तो चौकड्यांचा कोट आणि धोतर घालून उभा राहिला. मंत्री बोलले, नोकरशहा बोलले, त्याची बायकोसुद्धा बोलली, हा गप्प. १९८८ साली तो टपाल तिकिटावर आला, २००१ साली पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा झाला. ज्याचा पुतळा झाला त्याच्या फायली कुणी रद्दीत घालत नाही. चिंटूचीही काळजी नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१ला 'सकाळ'मध्ये त्याला आणला, आणि मराठी दैनिकात आपल्या गल्लीतल्या पोराची रोजची पट्टी वर्षानुवर्षं चालू शकते हे दाखवून दिलं. तोपर्यंत बऱ्याच संपादकांचा समज असा की पट्टी म्हणजे परदेशातून आयती येणारी वस्तू. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू, सतीशदादा ही नावं लोक शेजाऱ्यांच्या नावांसारखी घेऊ लागले. वाचणाऱ्या मुलांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, चिंटू शाळेतच राहिला. त्याचे संग्रह निघाले, २०१२मध्ये सिनेमा आला. तो वाचला.

पण बाकीचे?

माझ्या पिढीच्या चित्रकारांना एक गंमत ठाऊक आहे, ती वाचकांना फारशी माहीत नाही. १९८०मध्ये अनंत पै यांनी मुंबईतून 'टिंकल' हे इंग्रजी मासिक सुरू केलं. भारतभरच्या मुलांना ज्यानं हसवलं तो सुप्पंडी मूळचा तमिळ लोककथेतला, पण त्याचं ते वरून रुंद, खाली निमुळतं डोकं आणि शेंडी आली राम वाईरकरांच्या हातातून. कालिया कावळा काढला प्रदीप साठ्यांनी. राजाचा काटा काढायच्या खटपटीत दर वेळी स्वतःच आपटणारा तंत्री मंत्री अशोक डोंगऱ्यांचा. आणि शिकारी शंभू वसंत हळब्यांचा.

शंभूवर जरा थांबतो, कारण त्यात आमच्या धंद्याचं सगळं कसब आहे. या माणसाची हॅट नाकापर्यंत ओढलेली. डोळे दिसतच नाहीत. व्यंगचित्रकाराला डोळे काढायचे नाहीत म्हणून सांगणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ वापरू नको म्हणण्यासारखं आहे. भीती, आश्चर्य, लबाडी, सगळं आम्ही दोन ठिपक्यांत भागवतो. हळब्यांनी ते ठिपकेच काढून घेतले आणि सगळा अभिनय मिशी, गुडघे आणि बोटांवर सोपवला. वाघ मागे उभा आहे हे शंभूला कळलं की नाही, हे तुम्हाला त्याच्या गुडघ्यांवरून कळतं. हा भित्रा माणूस दर वेळी अपघातानं शूर ठरतो आणि आपल्याला ते खरं वाटतं, ते त्या झाकलेल्या डोळ्यांमुळे. त्याला स्वतःला काही दिसलेलंच नाही ना!

ही सगळी मराठी आडनावं. पण सुप्पंडी कुणी काढला असं आज एखाद्या मराठी शाळेत विचारून बघा. शिक्षकांना विचारलंत तरी चालेल.

याच्या उलट प्रकार 'ललित'मधल्या ठणठणपाळचा. सदर लिहीत होते जयवंत दळवी, टोपणनावानं. साहित्यिकांची यथेच्छ खेचत होते. लेखक पडद्याआड, पण त्याला चेहरा दिला वसंत सरवट्यांनी. लोकांना लेखकाचा पत्ता नाही आणि पात्राचा चेहरा मात्र पाठ, असा हा मामला. तिथं चित्रकाराचं नाव टिकलं ते सरवटे सरवटे होते म्हणून, आणि मासिक वाङ्मयीन असल्यानं लोकांनी बांधून ठेवलं म्हणून. दैनिकाचं नशीब तसं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यात पोळ्या गुंडाळल्या जातात. त्यात गैर काही नाही. घरी एक प्रत पोळ्यांना गेली तरी कार्यालयात एक प्रत राहते, या भरवशावरच तर आम्ही निर्धास्त होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या तीन चौकटींत? अग्रलेख जपावेत, बातम्या जपाव्यात. म्हणून माझीच एक पट्टी सांगतो. पहिल्या चौकटीत पोस्टमन नानांच्या हातात पत्र देतो: टेलिफोन मंजूर झाला. दुसऱ्या चौकटीत नाना आनंदानं उड्या मारताहेत आणि नानी विचारते, 'अहो, पहिला फोन कुणाला करणार?' तिसऱ्या चौकटीत नाना खुर्चीत, डोक्याला हात लावून: 'आपल्या ओळखीत फोन आहे कुणाकडे?'

भाचीच्या मुलीला दाखवली. ती कॉलेजात आहे, हुशार आहे. तिला विनोद कळला नाही. पत्र आल्यावर माणूस उड्या का मारतो? फोन 'मंजूर' म्हणजे काय, कुणी मंजूर करायचा? तारखेशिवाय ही पट्टी म्हणजे एका म्हाताऱ्याचा वेडेपणा आहे. तारखेसह ती टेलिफोनच्या प्रतीक्षा यादीत वर्षं काढलेल्या एका अख्ख्या मध्यमवर्गाची हकिगत आहे. मग ती तिसऱ्या चौकटीतल्या भिंतीकडे बघत बसली. लाकडी फळीवरची काळी गोल बटणं, खिळ्याला अडकवलेली पिशवी, कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, दाराशेजारी कालनिर्णय. 'हे सगळं तू बघून काढलंस?' मी काही मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, आमच्याच घरात बसून काढत होतो. बातमीदारानं लिहिलं की रॉकेलचा तुटवडा आहे. रॉकेलचा डबा स्वयंपाकघरात कुठे ठेवत, नरसाळं कुठल्या खिळ्याला टांगत, हे बातमीत येत नाही. ते आमच्याकडे येतं, मागच्या भिंतीवर, रिकामी जागा भरायची म्हणून. कालनिर्णयवर मी चालू महिन्याचंच नाव लिहायचो. छपाईत ते माशीएवढं व्हायचं, पण भिंगातून वाचता येतं. म्हणून निदान माझ्या कात्रणांचा महिना लागतो. साल सांगणाऱ्या फायली मात्र रद्दीत गेल्या.

आणि तीन चौकटींतली एकच पट्टी पाहून पात्र कळतही नाही. सोमवारी नाना अर्ज करतात, मंगळवारी उत्तराची वाट बघतात, बुधवारी दुसराच विषय, आणि शनिवारी अचानक उत्तर येतं. त्या मधल्या दिवसांत वाचकानं चहा पिता पिता नानांची आठवण काढलेली असते. पात्र तिथं वाढतं. मोबाइलवर फिरणारं सुटं चित्र म्हणजे कुणाच्या तरी बोलण्यातलं मधलंच एक वाक्य. ओळीनं लावलेले अंक फक्त तुमच्याकडे आहेत.

छपाईचं थोडं सांगतो, कारण पुढच्या विनंतीशी त्याचा संबंध आहे. आम्ही काढायचो ते छापायच्या आकाराच्या दुप्पट. क्रोक्विल म्हणजे अगदी बारीक टोकाचं निब, काळी शाई, केस विस्कटलेला बारीक ब्रश, आणि चुकलं की वर पांढरा पोस्टर कलर. ब्लॉकच्या काळात जस्ताच्या पत्र्यावर ते उतरायचं. बारीक रेघ ॲसिडमध्ये जायची, आणि रेघा फार जवळ घेतल्या की न्यूजप्रिंटवर शाई पसरून नानांचा कोट म्हणजे काळा डाग. म्हणून त्या काळच्या पट्ट्यांतली रेघ जाड आणि मोकळी आहे. ऑफसेट आल्यावर ती बारीक झाली. तुम्ही स्कॅन करताना कुणी हौशी मुलगा हे सगळं 'साफ' करेल, काळं गडद आणि पांढरं शुभ्र. करू देऊ नका. कागदाचा पिवळेपणा, शाईचा फुगवटा, शेजारच्या कॉलमातली बी-बियाण्याची जाहिरात, सगळं राहू द्या. पान पूर्ण घ्या.

जुन्या पट्ट्यांत सगळं गोड नाही. लाटणं उगारलेली बायको मराठी दिवाळी अंकांत किती वर्षं दारामागे उभी होती, मोजदाद नाही. जाड्या, काळा, तोतरा, बहिरा यांना बघून हसायचं, सासूला बघून हसायचं, कुणाच्या बोलण्याच्या ढंगाला हसायचं. त्यातलं पुष्कळसं आज बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर विनोद म्हणूनही ते आळशी काम होतं. म्हणून ते गाळून बाकीचं द्यायचं, असं कुणी सुचवेल. माझं मत विरुद्ध आहे. तारीख घालून जसंच्या तसं ठेवा. आपण कशाला हसत होतो हे झाकलं तर मग जपायचं कशाला?

झाकण्याची आणि बदलण्याची गोष्ट निघाली म्हणून वेताळ आठवला. १९६४मध्ये मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाली, ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ होऊन घराघरांत शिरला. मूळ अमेरिकन कथेत त्याच्या बापजाद्यांचे वैरी 'सिंग' नावाचे चाचे. इथं ते चालणारं नव्हतं, म्हणून ते 'सिंगा' झाले, आणि त्याचा देश डेंकाली. हा फरक आज कळतो तो कुणीतरी दोन्हीकडचे अंक सांभाळून ठेवले म्हणून. त्याच 'इंद्रजाल'मध्ये १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादुर आला, कुर्ता आणि जीन्स घालणारा आपल्या मातीतला नायक. हे अंक जपले ते पोरांनी, ट्रंकेत घालून. प्रकाशन १९९०मध्ये बंद पडलं, पोरं टिकली.

वाचकाच्या ट्रंकेवर किती विसंबायचं याचं एक टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिकडच्या ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे फिल्मवर बारीक फोटो, केल्या आणि बांधलेले मूळ खंड टाकायला काढले. मायक्रोफिल्म काळी-पांढरी, रविवारच्या रंगीत पट्ट्यांचा रंग गेला तो गेलाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या गृहस्थांनी ते खंड मागितले, तर उत्तर मिळालं की खासगी माणसाला देता येत नाहीत, संस्थेला देता येतात. त्यांनी १९६८ साली स्वतःच्या घरातच संस्था काढली आणि देशभरातून खंड गोळा केले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठानं तो संग्रह घेतला तेव्हा तो हलवायला सहा अजस्र ट्रक लागले. वजन सुमारे ७५ टन. आज जुन्या अमेरिकन पट्ट्यांची देखणी पुस्तकं निघतात, त्यांतल्या कितीतरींचा मूळ कागद या माणसाच्या घरातला. आपल्याकडे असा वेडा शोधत बसायला नको. खंड तुमच्याच इमारतीत आहेत. बालभारतीनं 'किशोर'चे १९७१पासूनचे अंक डिजिटल करून मोफत खुले केले. सरकारी संस्थेला जमलं ते तुम्हाला अवघड नाही.

हक्कांचा प्रश्न तुमचे वकील काढतील, तेव्हा मीच आधी काढतो. केरळात टॉम्स या व्यंगचित्रकारानं 'बोबन आणि मोली' ही भावंडं निर्माण केली आणि 'मलयाळ मनोरमा'च्या साप्ताहिकात ती वर्षानुवर्षं गाजली. टॉम्स तिथून बाहेर पडून दुसरीकडे तीच पात्रं काढू लागले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. १९८८मध्ये केरळ उच्च न्यायालयानं चित्रकाराच्या बाजूनं कौल दिला: पात्रं नोकरीत येण्याआधीच त्यानं घडवलेली, नोकरी सुटल्यावर ती काढण्यापासून त्याला रोखता येणार नाही. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही वाचून पाहा. दैनिकाच्या पगारी चित्रकारानं काढलेलं चित्र वर्तमानपत्रात छापायचा पहिला हक्क मालकाचा, बाकी बाबतीत चित्रकाराचा, वेगळा करार नसेल तर. आणि आमच्यासारखे बहुसंख्य तर पगारीही नव्हते; दर पट्टीमागे मानधन, तेही महिन्याच्या हिशोबात कधी आगेमागे. लेखी काही नाही. जे लेखी नाही ते तुमच्या नावावर झालेलं नाही, एवढंच लक्षात असू द्या. कोर्टात कुणाला जायचं नाही. चित्रकार असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारा, नाव छापा, पुस्तक निघालं तर वाटा द्या. बहुतेक जण नावावरच विरघळतील, हा आमच्या जमातीचा जुना दोष आहे.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. तेव्हापासून ताम्रपट आणि शिलालेखांवर व्याख्यानं ऐकतो आहे, आनंद आहे. पण लोक रोज सकाळी जे मराठी बोलत होते, म्हणजे 'अगं, दूध उतू चाललंय' छापाचं, ते पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत लिहिलेलं सापडेल, आणि ते फुगे न्यूजप्रिंटवर आहेत. न्यूजप्रिंट आपोआप ठिसूळ होतं. घडीवर हात लावला की तुकडा हातात येतो.

तेव्हा विनंती अशी की आधी ती खोली उघडा, वाळवीचं औषध मारा, आणि खंड शिवण न उसवता वरून कॅमेऱ्यानं टिपून घ्या. प्रत्येक पट्टीखाली तारीख, पान, चित्रकार आणि पात्रांची नावं लिहून यादी करा. अभिनव किंवा जे. जे. या कलामहाविद्यालयांतली मुलं सुट्टीत हे काम आनंदानं करतील. त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. एकट्याला पेलत नसेल तर दोन-चार दैनिकांनी मिळून करा. राज्य मराठी विकास संस्थेचं दार ठोठावा.

एका कामासाठी मात्र मुलं चालणार नाहीत. पुष्कळ पट्ट्यांवर सहीच नसते, किंवा ब्लॉक कापताना गेलेली असते. अशा वेळी हात ओळखावा लागतो: कान कसा काढलाय, चपलेचा अंगठा कसा वळवलाय, फुग्याची शेपटी कुठून निघते. हे ओळखणारे आम्ही थोडेच उरलो आहोत आणि आमच्यात रोज भर पडते आहे असं नाही. मी यायला तयार आहे. पैसे नकोत; प्रवासखर्च आणि बसायला पाठीची खुर्ची द्या, भिंग माझं मी आणीन. फक्त दुपारी दोन ते चार बोलावू नका, त्या वेळी मी झोपतो.

नानांची जी कार्डं आणि कात्रणं घरी आहेत ती भाचीच्या मुलीनं स्कॅन करून दिली आहेत. कुणाला छापायची असतील तर कळवा, कोपऱ्यातली सही तेवढी कापू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पट्टीवाला व्यंगचित्रकार